मांजर भांडून आलं, आता काय? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. थंडी ओसरून बोके रात्री ओरडायला लागले की जास्तच. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. हवा तो प्रश्न काढून वाचा. मांजराला धाप लागली असेल, रक्त थांबत नसेल किंवा कुत्र्याने धरलं असेल, तर मात्र आधी प्रश्न २ वाचा आणि निघा, बाकीचं नंतर.

१. बोका रात्रभर बाहेर होता, सकाळी लंगडत आला. वरून तर काहीच दिसत नाही. आधी काय बघू?

लगेच उचलू नका. एका खोलीत घ्या, दार लावा, पाणी ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं शांत बसू द्या. तोवर लांबूनच श्वास मोजा. अर्ध्या मिनिटात छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजून दुप्पट करा. निवांत बसलेल्या मांजराचा आकडा साधारण तिसाच्या आत असतो. बसल्या जागी चाळिसाच्या वर गेला तर थांबू नका.

मग ओठ उचलून हिरड्या बघा. त्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबल्यावर पांढऱ्या पडतात, आणि दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा.

त्यानंतर हात फिरवा, तोही केसांच्या उलट दिशेने, मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं. ओले होऊन एकमेकांना चिकटलेले केस, बारीकशी खपली, गरम लागणारी जागा, हात लावताच अंग आखडून घेणं, हे शोधायचं. जो तोंड देऊन लढला त्याच्या जखमा चेहरा, कान आणि पुढच्या पायांवर सापडतात. जो पळाला त्याच्या शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या पायांवर. नखांची टोकं फाटलेली, चिरफळलेली दिसली तर झटापट नक्की झाली आहे. मिळालेल्या प्रत्येक जागेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दोन दिवसांनी सूज वाढली की नाही, हे त्यावरूनच कळेल.

आणि एक, मांजर घुरघुरतंय म्हणजे दुखत नाही असं समजू नका. दुखत असतानाही ते घुरघुरतं.

२. कोणती लक्षणं दिसली की थेट दवाखाना गाठायचा?

तोंड उघडं टाकून श्वास घेणं. हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा तपकिरी. स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं दाबून धरूनही न थांबणारं रक्त. पोटाला किंवा छातीला भोक. मागचे पाय ओढत चालणं. शेपूट लुळी पडणं. चोवीस तासांत लघवी न होणं, बोक्याच्या बाबतीत तर नक्कीच. झटके. अंग गार लागणं. डोळा मिटलेला राहणं (प्रश्न २१). कुत्र्याने किंवा वानराने धरलेलं असणं, मग वरून कितीही ठीक दिसो (प्रश्न ९). साप चावल्याची शंका (प्रश्न १२).

ताप मोजता येत असेल तर मांजराचं नेहमीचं तापमान गुदद्वारात साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्यापेक्षा जास्तच, त्यामुळे हाताला "गरम लागतं" यावर जाऊ नका. १०३.५ च्या वर किंवा ९९ च्या खाली असेल तर डॉक्टर. मोजताना मांजर झगडत असेल तर सोडून द्या, त्या आकड्यावाचून काही अडत नाही.

३. ताई, इवलंसं तर भोक आहे. हळद भरली, रक्त थांबलं. एवढ्यासाठी दवाखाना कशाला?

सगळ्यात जास्त मांजरं याच "एवढ्यासाठी"मध्ये खराब होतात. मांजराचा सुळा बारीक आणि लांब असतो. तो कातडीला टाचणीएवढं भोक पाडतो, पण आत मांसापर्यंत जातो आणि तोंडातले जंतू तिथे सोडून येतो. पाश्चुरेला नावाचा जीवाणू बहुतेक मांजरांच्या तोंडात असतोच. वरची कातडी एका दिवसात मिटते, आतला माल आतच राहतो आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान तिथे गळू येतं. म्हणून "काल तर खेळत होता, आज अचानक पडून आहे" असा फोन बहुधा तिसऱ्या दिवशी येतो.

चावा लागल्यापासून चोवीस तासांच्या आत डॉक्टरांनी प्रतिजैविक सुरू केलं तर पुष्कळदा गळू होतच नाही. नंतर बेशुद्ध करून चिरा द्यावा लागण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं.

हळदीचं म्हणाल तर ती विषारी नाही. पण ती भोकावर बूच बसवते, आतला पू बाहेर यायची वाट बंद करते आणि आजूबाजूची लाली पिवळ्या रंगाखाली झाकून टाकते. डॉक्टरांना आधी ती खरवडावी लागते आणि तेव्हा मांजर किंचाळतं. राख, चुना, चहाची पूड, कॉफी यांचंही तेच.

नुसता नखाचा ओरखडा असेल, वरवरचा, तर घरी धुऊन तीन दिवस लक्ष ठेवलं तरी चालतं. दाताचं भोक असेल तर नाही.

४. घरी जखम धुवायची कशी?

मेडिकलमधून "एनएस" म्हणजे नॉर्मल सलाईनची बाटली आणा. नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळा, त्यात चहाच्या सपाट चमच्याला किंचित कमी मीठ टाका आणि कोमट होऊ द्या. सुई काढलेल्या दहा किंवा वीस मिलीच्या सिरिंजने जखमेवर हळू धार सोडा. धारेनेच घाण निघू द्या, कापसाने घासू नका, त्याचे धागे आत अडकतात.

केस आड येत असतील तर कापा, पण आधी कातडी आणि कात्री यांच्यामध्ये कंगवा धरा. मांजराची कातडी सैल असते, केसांबरोबर ती कधी कात्रीत येते कळतही नाही.

नंतर लावायचंच असेल तर पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण, पाणी घालून कोऱ्या चहाइतकं फिकं करून. बाटलीतलं तसंच्या तसं नको, आणि "स्क्रब" लिहिलेली साबणयुक्त बाटलीही नको. टिपून कोरडं करा. पट्टी बांधू नका. दाताच्या जखमेला वारा आणि वाट दोन्ही लागतं, आणि घरी बांधलेली पट्टी बहुधा घट्ट तरी होते किंवा तासाभरात पलंगाखाली तरी सापडते.

दोन माणसं लागतात. एकाने मांजर टॉवेलात गुंडाळून, डोकं आणि दुखरा भाग तेवढा बाहेर ठेवून धरायचं.

५. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, खोबरेल, गुरांच्या जखमेचा स्प्रे, यातलं काय चालेल?

डेटॉल नाही. फिनाईल तर अजिबात नाही. असली फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट फोडता येत नाहीत, आणि मांजर अंग चाटतं म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेतल्या चांगल्या पेशीही जाळतात. सॅव्हलॉन घट्ट वापरलं तर तोंडात, जिभेवर फोड येतात.

टर्पेंटाइन, डांबरगोळीची पूड, कडुनिंबाचं तेल, झंडू बामसारखं काहीही, सगळं बाजूला ठेवा. गोठ्यातला स्प्रे बैलाच्या कातडीसाठी असतो. तो कोणता आहे हे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मांजरावर मारू नका. खोबरेल निरुपद्रवी आहे, पण त्याने माती चिकटते, बाकी काही होत नाही.

६. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळी दिली तर?

देऊ नका. पाव पण नाही, लहान मुलांचं सिरपही नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते, आणि त्याहून कमी मात्राही सुरक्षित नाही. रक्तातला ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा आणि किती, किती वाजता दिली ते सांगा. वेळेत पोचलात तर त्यावर उतारा आहे.

आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक यांचीही तीच गत, मूत्रपिंड आणि आतडी जातात. डायक्लोफिनॅकचं नाव मुद्दाम घेतलं. गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी त्याच्यावर २००६ मध्ये बंदी आली, तरी माणसांच्या गोळ्या घरात असतातच. त्याऐवजी गुरांना मेलॉक्सिकॅम देतात. तेच औषध डॉक्टर मांजरालाही देतात, पण वजनाप्रमाणे अगदी थोडं आणि थोडेच दिवस. गोठ्यातली गोळी मोडून अंदाजाने द्यायची ती वस्तू नव्हे.

७. गाठ आली होती, ती फुटली. भयंकर वास येतोय. फुटली म्हणजे बरं झालं ना?

अर्धं. दाब उतरतो, मांजराला हुशारी येते आणि आपल्याला वाटतं सुटलो. पण भोक लहान असेल तर वरून दोन दिवसांत मिटतं आणि पू पुन्हा साठतो.

न फुटलेली गाठ पिळू नका, सुई टोचू नका. दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटं कोमट पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. फुटलेली असेल तर प्रश्न ४ प्रमाणे दिवसातून दोनदा धुवा, वरची खपली ओल्या फडक्याने मऊ करून भोक उघडं ठेवा. जखम आतून वर भरत आली पाहिजे. मोठं गळू असेल तर डॉक्टर रबरी नळी ठेवतात, ती साधारण तीन ते पाच दिवसांनी काढतात. नळीतून लालसर पाणी गळत राहतं, अंथरूण खराब होतं. ते गळायलाच हवं, म्हणून घाबरून नळी उपटू नका.

प्रतिजैविकाचा कोर्स अर्धवट सोडला की त्याच जागी दुसऱ्यांदा गळू आलेली मांजरं खूप बघायला मिळतात.

८. जखमेत किडे पडलेत. गोचिडाची पावडर टाकू का?

नाही, नाही, नाही. गोठ्यातली गोचिडाची औषधं, कपाशीवर मारायचं कीटकनाशक, कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब यांत पुष्कळदा परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन असतं. मांजराला त्याने थरथर सुटते, झटके येतात आणि ते मरतं. किड्यांनी मेलं नसतं ते औषधाने मरतं.

पावसाळ्यात माशी ओल्या जखमेवर अंडी घालते, केसांच्या मुळाशी चिकटलेले बारीक पांढरे लांबट दाणे दिसतात. एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात. दाणे दिसले की तिथले केस कापून टाका. अळ्या असतील तर सलाईनची धार आणि चिमटा. जेवढ्या दिसतात त्याच्या कितीतरी पट आत असतात, त्यामुळे घरी साफ करणं हा फक्त प्रवासापुरता उपाय. दवाखान्यात न्यावंच लागतं.

९. गल्लीतल्या कुत्र्याने मानेला धरून झटकलं. रक्त नाही, चालतोय. घरीच ठेवू?

नका ठेवू. कुत्रा धरतो आणि झटकतो. कातडी जागेवर राहते, खालचं मांस तिच्यापासून सुटतं. बरगडी मोडते, फुप्फुसाबाहेर हवा साठते, छाती-पोटामधला पडदा फाटतो, मूत्राशय फुटतं. यातलं काहीच वरून दिसत नाही आणि पहिले काही तास मांजर भेदरल्यामुळे उभं राहतं. एक्स-रे होऊ शकेल अशा ठिकाणी न्या. उचलताना दोन्ही हात अंगाखाली सपाट घाला, मानेला धरून लोंबकळवू नका.

वानराचा चावाही याच वर्गात घ्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून अशी मांजरं येतात, जखम रुंद आणि खोल असते.

१०. ज्या कुत्र्याने चावलं तो पिसाळलेला होता की काय, माहीत नाही. मांजराला इंजेक्शनं लागतात का? आणि भांडण सोडवताना बोका मलाच चावला, माझं काय?

मांजराला रेबीज होतो आणि ते माणसाला देऊही शकतं. कुत्रा, मुंगूस, कोल्हा किंवा अनोळखी मांजर चावलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आधी लस झालेली असेल तर लगेच एक बूस्टर, झालेली नसेल तर डॉक्टर ठरवतील तो पूर्ण कोर्स. हातमोजे घालून जखम साबणपाण्याने भरपूर धुवा. चावणारा कुत्रा ओळखीचा असेल तर तो दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहतो का, हे बघून कळवा. आपलं मांजर पुढे आवाज बदलून ओरडू लागलं, लाळ गाळू लागलं, विनाकारण अंगावर येऊ लागलं तर हात लावू नका, खोली बंद करा आणि डॉक्टरांना फोन करा. हे काही आठवड्यांनी, महिन्यांनीही होऊ शकतं.

तुमचं: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. तिखट, चुना, हळद काही नाही. मग सरकारी दवाखाना, रेबीजची लस तिथे मोफत मिळते. "घरचंच मांजर आहे" म्हणून टाळू नका. शिवाय मांजराचा चावा माणसाच्या हातात फार लवकर पिकतो. चोवीस तासांत हात सुजला, लाल रेघ वर चढली किंवा बोट वाकेना झालं तर रात्र काढू नका.

पुढच्या वेळी भांडणात हात घालायचा नाही. भांडं वाजवा, पाणी फेका, मध्ये सूप किंवा पुठ्ठा सरकवा.

११. मांजराला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं का?

साधारणपणे नाही. मांजरं धनुर्वाताला बरीच चिवट असतात. तुम्हाला चावलं असेल तर तुमचं मात्र विचारून घ्या.

१२. मळ्यात सापाशी खेळत होतं, आता लाळ गळतेय. काय करू?

खेळत होतं म्हणजे लढत होतं. आपल्याकडे धामणीही पुष्कळ, त्यामुळे प्रत्येक साप विषारी नसतो, पण ते ठरवत बसायची ही वेळ नव्हे. नाग किंवा मण्यार असेल तर पापण्या जड, पाय लुळे, लाळ, श्वास मंद. घोणस किंवा फुरसं असेल तर वाढती सूज, जखमेतून न थांबणारं रक्त. बांधू नका, चिरू नका, बर्फ लावू नका. मांजर हलू न देता पेटीत घाला. भारतात मिळणारं सर्पविषप्रतिबंधक याच चार सापांवर चालतं आणि ते जनावरांनाही देतात. निघण्याआधी फोन करून ते कुठे शिल्लक आहे ते विचारा, नाहीतर तालुका ते जिल्हा फेरीत वेळ जातो. साप मारून बरोबर आणायची गरज नाही, लांबून फोटो निघाला तर बरा.

१३. आमना बोका काहीच खास नही (म्हणजे काहीच खात नाही). काय देऊ?

एक दिवस पूर्ण उपाशी राहिला तर डॉक्टरांना सांगायचं. दोन दिवस वाट बघायची नाही. मांजराचं यकृत उपासाने बिघडतं, त्यात चरबी साठते, आणि लठ्ठ बोक्याला हा धोका जास्त. जुनी माणसं म्हणतात, "भूक लागली की खाईल". माणसाला ते चालत असेल, आजारी मांजराला नाही.

अन्न कोमट करा, वासावर मांजर जेवतं. बिनमिठाचं उकडलेलं चिकन बोटांनी कुस्करून त्यावर त्याचंच पाणी, उकडलेलं अंडं, काटे काढलेली मासळी. आपल्या घरच्या रश्श्याचा तुकडा धुऊन देऊ नका, काळ्या मसाल्यातला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात आणि पाणी आणखी कमी होतं.

जबरदस्तीने तोंडात ओतू नका, फुप्फुसात जातं. नाक चोंदलं असेल, तोंड दुखत असेल, दात किंवा जबडा मोडला असेल तरीही ते खात नाही. तोंड उघडून बघायला डॉक्टरांना सांगा.

१४. आमच्या घरात अंडंही येत नाही. दूध-पोळीवर बरं होईल का?

जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि मांजराला टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो. दूध-पोळीवर जगलेलं मांजर बहुधा बाहेर उंदीर मारून भागवत असतं, कोंडल्यावर ते बंद होतं. बंद पाकिटातलं मांजराचं खाद्य हा घरात चालण्यासारखा मार्ग आहे. अनेक शाकाहारी घरांत ते ओट्यापासून लांब, मागच्या अंगणात वाढतात. पनीरवर काही दिवस निघतील, महिने नाहीत.

१५. गोळी द्यायची म्हणजे युद्ध. काही युक्ती?

टॉवेल (प्रश्न ४), डोकं वर, जिभेच्या मुळाशी गोळी, तोंड मिटवून गळ्यावरून बोट. मग सिरिंजने पाच-सहा मिली पाणी गालातून हळूहळू. हे पाणी चुकवू नका. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी कोरडी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होऊन नळी आवळते. कडू औषधाने तोंडाला फेस येतो, तो विषबाधेचा नव्हे. रोजच मारामारी होत असेल तर डॉक्टरांना इंजेक्शन किंवा पातळ औषधाचं विचारा, लाजू नका.

१६. सारखं जखम चाटतं. चाटल्याने भरते ना?

नाही, मांजराची जीभ खरबरीत असते, टाके उघडतात. गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला. तालुक्याला मिळत नसेल तर जुन्या एक्स-रे फिल्मची कापून, कडांना चिकटपट्टी लावून घरी होते. नाकाच्या टोकापुढे दोन-तीन सेंटिमीटर यायला हवी, आणि कॉलर व मान यांत दोन बोटं जायला हवीत. पोटा-पाठीच्या जखमेला बाळाचं झबलं चालतं. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात.

१७. मे महिन्यात घरात कोंडायचं कसं? आमचं पत्र्याचं घर आहे.

पंचेचाळीस अंशांत पत्र्याखाली जखमी मांजर ठेवलं तर जखमेच्या आधी उन्हाने जाईल. घरातली सगळ्यात खालची, अंधारी, मातीच्या भिंतीची खोली शोधा. धाब्याची जुनी घरं यासाठी उत्तम. कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवा, पण थेट झोतात नको. फरशीवर ओलं गोणपाट अंथरा, जखमेचा भाग त्याला लागू देऊ नका. पाण्याची दोन-तीन भांडी. तोंड उघडून धापा टाकू लागलं तर पंजे आणि कान साध्या पाण्याने ओले करून निघा.

रेतीऐवजी फाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवा, रेती जखमेला चिकटते.

१८. मळ्यातलं मांजर आहे, घरात राहतच नाही. किती दिवस कोंडावं लागेल?

साध्या चाव्याला औषध संपेपर्यंत, म्हणजे बहुधा एक ते दोन आठवडे. हाड मोडलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके. मळ्यातली अवजारांची खोली चालते, फक्त फवारणीचे डबे, खतांच्या गोण्या आणि उंदराचं औषध आधी बाहेर काढा. कोपऱ्यात उलटा पुठ्ठ्याचा खोका ठेवा, त्याला दार कापा. लपायला जागा मिळाली की ओरडणं कमी होतं. कानबाईच्या सणाला घर पाहुण्यांनी भरलं असेल तर कोणीही कडी काढणार नाही अशी खोली निवडा आणि मुलांना दारातच समजवा.

हाती लागतच नसेल तर दिवसातून दोन वेळा ठरलेल्या जागी खाऊ घाला, आधी नुसतं, मग औषध घालून, डॉक्टरांशी बोलून.

१९. तालुक्याला फक्त गुरांचा दवाखाना आहे. तिथे मांजर बघतात का? नेऊ कसं?

बघतात. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय चिकित्सालयांत मांजरंही बघतात. सकाळी लवकर जा, आधी फोन करा. भूल, एक्स-रे लागणार असेल तर जळगाव-धुळ्याचं खासगी क्लिनिक सोयीचं पडतं. १९६२ हा टोल फ्री क्रमांक मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, पण जवळचा डॉक्टर कोण हे विचारायला लावून बघा.

मोटारसायकलवर मांडीत घेऊन जाऊ नका. आपल्या भागात केळीचे प्लास्टिक क्रेट कुठेही मिळतात. एकात चादर, त्यावर मांजर, वर दुसरा उलटा, चारी कोपरे सुतळीने बांधा आणि वरून ओढणी टाका. अंधार झाला की ते गप्प बसतं. गोणीत घालून तोंड बांधू नका, रस्त्यात गुदमरतं.

२०. दवाखान्यातून आणलं तर घरातलीच दुसरी मांजरी त्याच्यावर फिस्कारतेय!

त्याला दवाखान्याचा वास येतोय, तिला तो परका वाटतोय. दोन-तीन दिवस वेगळ्या खोल्या. एकाच फडक्याने आधी तिला, मग त्याला पुसा. बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण वाढा. आमनेसामने आणून "दोस्ती करा" म्हणू नका. आधीच दुखावलेला बोका दुसऱ्यांदा चावला जातो.

२१. डोळा मिटून बसलाय, पाणी येतंय. घरात डोळ्याचे थेंब आहेत.

ते राहू द्या. माणसांच्या पुष्कळ थेंबांत स्टेरॉइड असतं. बुबुळावर नखाची चीर असेल तर त्याने ती विरघळल्यासारखी वाढते आणि डोळा जातो. सलाईनने बाहेरून पुसा, कॉलर घाला, आणि आजच न्या, उद्या नाही.

२२. मांजरी गाभण आहे / पिल्लं पाजतेय. औषध चालेल?

चालणारी औषधं आहेत, पण डॉक्टरांना आत शिरताच सांगा, कारण काही प्रतिजैविकं पिल्लांच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम करतात. जखम सडांजवळ असेल तर पिल्लं बाजूला करून पाजायचं का, तेही विचारा.

२३. केळीच्या बागेत रानमांजराशी भांडण झालं. ते पकडून देऊ का?

नाही. रानमांजर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. आपल्या मांजराचं प्रश्न ३ आणि १० प्रमाणे करा. यावल अभयारण्याच्या बाजूच्या गावांत जखम मोठी आणि पंजाची वाटली, ठसे मोठे दिसले तर बिबट्या असू शकतो. वन विभागाला कळवा आणि रात्री मांजर शोधायला एकटे बागेत शिरू नका.

२४. नसबंदी केली तर भांडणं थांबतील?

कमी होतील, बरीच. पाच-सहा महिन्यांनंतर करता येते. जखमी असताना नाही, आधी बरा होऊ द्या. नंतरही अंगातले संप्रेरक उतरायला काही आठवडे जातात, तेवढे दिवस आतच ठेवा. "बोक्याचं बोकेपण जातं" अशी तक्रार घरातले पुरुष हमखास करतात. उंदीर तो पूर्वीसारखेच मारतो.

२५. शेजाऱ्यांच्या बोक्याने मारलं. खर्च मागू का?

मागा, पण पैशांपेक्षा त्या बोक्याची नसबंदी आणि रेबीजची लस मागा. निम्मा खर्च तुम्ही दिलात तरी स्वस्त.

२६. सगळं बरं झालं. आता काही तपासायचं राहिलं का?

चाव्यातून मांजरांचे दोन विषाणू पसरतात, एफआयव्ही (प्रतिकारशक्ती कमी करणारा) आणि एफईएलव्ही (मांजरांच्या ल्युकेमियाचा). माणसाला होत नाहीत. लगेच केलेली चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. एफईएलव्हीसाठी चाव्यानंतर किमान तीस दिवसांनी, एफआयव्हीसाठी साठ दिवसांनी रक्त द्या. एकाच खेपेत उरकायचं असेल तर साठ दिवसांनंतर. एफआयव्ही निघाला तरी मांजर वर्षानुवर्षं चांगलं जगतं, फक्त त्याला घरातच ठेवायचं आणि प्रत्येक छोटी जखम डॉक्टरांना दाखवायची. एफईएलव्ही जास्त गंभीर, तो वाटीतून आणि एकमेकांना चाटण्यातूनही पसरतो, त्यामुळे घरातल्या बाकी मांजरांचीही चाचणी करावी लागते आणि निकाल येईपर्यंत वाट्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.